२२६ म्हणजे पोहोचली

फाइलझिला हा मोफत प्रोग्राम उघडला की डावीकडे आपल्या संगणकातले फोल्डर दिसतात, उजवीकडे दूरच्या सर्व्हरवरचे, आणि तळाशी जायला निघालेल्या फाइलींची रांग. सगळ्यात वर एक अरुंद पट्टी असते. तिच्यात बारीक अक्षरांतल्या ओळी भराभर सरकत जातात. बहुतेकांचं लक्ष डावीकडची फाइल उचलून उजवीकडे टाकण्यात असतं, त्यामुळे ती पट्टी वाचायची राहून जाते. पण या प्रोग्राममधली सगळ्यात नवलाची गोष्ट तिथेच आहे. सेटिंगमध्ये जाऊन तपशील वाढवला, तर दोन यंत्रांचं आपसांतलं बोलणं शब्दन् शब्द वाचता येतं.

आधी सर्व्हर म्हणतो, २२०: मी तयार आहे. आपला संगणक नाव सांगतो. सर्व्हर म्हणतो, ३३१: नाव कळलं, आता पासवर्ड. तो दिला की २३०: या आत. मग फाइल निघते तेव्हा १५०, आणि पूर्ण पोहोचली की २२६. या आकड्यांना शिस्त आहे. पहिला अंक २ असेल तर काम झालं. ३ असेल तर पुढचं काहीतरी हवं आहे. ४ म्हणजे आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने बघा. ५ म्हणजे असं जमणारच नाही, काहीतरी बदलून या. वेबवर आपल्याला अधूनमधून भेटणारा ४०४ हा याच घराण्यातला आकडा, फक्त तिथे ४ चा अर्थ वेगळा. एवढं ठाऊक असलं, की फाइल अडकली म्हणून घाबरून जायचं कारण उरत नाही. ५३० दिसला तर नाव किंवा पासवर्ड तपासायचा. ५५० दिसला तर फाइलचा पत्ता किंवा परवानगी. यंत्र आपलं दुखणं स्वतःच सांगत असतं.

या संवादाचा पहिला आराखडा अभय भूषण यांनी लिहिला. अलाहाबादमध्ये जन्मलेला, आयआयटी कानपूरच्या अगदी पहिल्या तुकडीतून १९६५ साली बाहेर पडलेला हा तरुण पुढे अमेरिकेत एमआयटीला गेला. १६ एप्रिल १९७१ या तारखेचा त्यांचा मसुदा 'आरएफसी ११४' या क्रमांकाने नोंदलेला आहे. फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉल, म्हणजे एफटीपी, तिथून सुरू होतो. तेव्हा इंटरनेट नव्हतं. अर्पानेट या अमेरिकी जाळ्यावर मोजके संगणक होते, आणि त्यांची एकमेकांशी कशातच जुळणी नव्हती. पीडीपी-१० हा संगणक माहिती ३६-३६ बिटांच्या गठ्ठ्यांत हाताळायचा, तर आयबीएमचा ३६० हा ३२-३२ बिटांच्या. एकाच्या लेखी इंग्रजीतलं मोठं 'ए' हे अक्षर म्हणजे ६५, दुसऱ्याच्या लेखी १९३. अशा दोन यंत्रांमध्ये फाइल पाठवायची म्हणजे आधी फाइल कशाला म्हणायचं इथपासून एकमत करायला हवं. ते एकमत कागदावर आलं, आणि काही काळ तर ईमेलही याच वाटेने गेली. १९७२ साली एफटीपीतच टपालाच्या आज्ञा जोडल्या होत्या. ईमेलला स्वतःचा रस्ता मिळाला १९८२ साली. आज आपल्या टेबलावरचा संगणक एखाद्या होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरला 'हे घे' म्हणतो तेव्हा तो त्या जुन्या कराराच्याच भाषेत बोलत असतो. त्याचं आजही चालणारं रूप ऑक्टोबर १९८५ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी पक्कं केलं. जॉइस रेनॉल्ड्स हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

एफटीपीची एक खासियत अशी, की त्यात बोलणं एका जोडणीवरून होतं आणि माल दुसऱ्या जोडणीवरून जातो. बोलण्यासाठी सर्व्हरचा २१ नंबरचा पोर्ट. मूळ पद्धतीत माल पाठवायच्या वेळी सर्व्हर स्वतःहून आपल्या संगणकाकडे नवी जोडणी उघडायला यायचा. त्या काळात ते साहजिक होतं. आज आपल्या घरात राऊटर आहे, आणि बाहेरून न बोलावता आलेल्या कुणालाही तो आत घेत नाही. म्हणून लॉगिन होतं, पण फोल्डरची यादी काही येत नाही आणि पट्टीत ४२५ उमटतो. यावरचा तोडगा म्हणजे पॅसिव्ह मोड. त्यात आपला संगणक विचारतो, 'मीच येतो, कुठे येऊ?' आणि सर्व्हर कंसात सहा आकडे देतो. पहिले चार म्हणजे पत्ता. उरलेल्या दोनांतून पोर्ट काढायचा: पाचव्याला २५६ ने गुणायचं आणि सहावा मिळवायचा. शेवटचे दोन आकडे १९५ आणि १४९ असतील, तर १९५ गुणिले २५६ म्हणजे ४९९२०, अधिक १४९, म्हणजे ५००६९. प्रत्येक वेळी यादी उघडताना, प्रत्येक फाइल पाठवताना, आपल्या नकळत ही गुणाकार-बेरीज होते. आजचे चांगले प्रोग्राम पॅसिव्ह मोडमध्येच सुरू होतात. यादी येत नसेल तर आधी हा मोड चालू आहे का ते तपासावं.

यातूनच आणखी एक व्यवहाराची गोष्ट कळते. प्रत्येक फाइलसाठी नवी जोडणी उघडते. त्यामुळे एका जाडजूड व्हिडिओपेक्षा हजारो चिमुकल्या फाइलींचा फोल्डर, मग तो एकूण आकाराने लहान असला तरी, जास्त वेळ खाऊ शकतो. वर्डप्रेसची वेबसाइट चढवताना हे हटकून दिसतं. सगळा फोल्डर झिप करून एकच फाइल पाठवावी आणि होस्टिंगच्या पॅनेलमधून तिथे उघडावी; तासांचं काम मिनिटांवर येतं.

वेगवेगळ्या यंत्रांना सांभाळून घेण्यासाठी एफटीपीने मजकुराची फाइल आणि बाकीची फाइल असा भेद ठेवला होता. मजकुरात ओळ संपल्याची खूण विंडोज दोन बाइटांनी लिहितं, युनिक्स एका बाइटाने. 'अ‍ॅस्की' मोडमध्ये पाठवलेल्या फाइलीतली ही खूण वाटेत बदलली जाते. मजकुरासाठी ही सोय होती, पण चित्र त्या मोडमध्ये गेलं तर घात. चित्राच्या माहितीतही योगायोगाने तेच बाइट असतात. तेही बदलतात आणि चित्र कायमचं बिघडतं. १९९० च्या दशकात हे इतकं सर्रास व्हायचं, की पीएनजी हा चित्रप्रकार घडवणाऱ्यांनी त्यावर पहारा बसवला. जगातली प्रत्येक पीएनजी फाइल त्याच आठ बाइटांनी सुरू होते: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. यातले दुसरा, तिसरा, चौथा म्हणजे 'पीएनजी' ही अक्षरं. पहिला १३७ मुद्दाम मोठा निवडला आहे. आठवा बिट गाळणाऱ्या वाटेवरून फाइल गेली तर तो लगेच बदललेला दिसतो. १३ आणि १० ही विंडोजची ओळ संपल्याची जोडी, आणि शेवटचा एकटा १० ही युनिक्सची. कुणी वाटेत ओळींच्या खुणा बदलल्या असतील, कोणत्याही दिशेने, तर या आठांपैकी काहीतरी मोडतं आणि चित्र उघडणाऱ्या प्रोग्रामला पहिल्याच घासाला कळतं की फाइल खराब आहे. आपल्या फोनमधला स्क्रीनशॉट पीएनजी असेल, तर त्याच्या तोंडाशीही हे आठ राखणदार उभे आहेत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एक पीएनजी हेक्स एडिटरमध्ये उघडून ते आकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. वाचकांनीही जरूर पाहावेत.

आता प्रोग्राम निवडण्याचा मुख्य मुद्दा. साध्या एफटीपीत नाव, पासवर्ड आणि फाइल, सगळं उघड्यावरून जातं. वाटेत कान लावून बसलेल्या कुणालाही ते जसंच्या तसं वाचता येतं. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात नेमकं हेच झालं. कुणीतरी जाता-येता पासवर्ड टिपून घेत होतं. तिथले संशोधक तातू इलोनेन यांनी मग सगळं बोलणं कूटबद्ध करणारी एसएसएच ही पद्धत लिहून काढली. तिला पोर्ट हवा होता. एफटीपी २१ वर, टेलनेट २३ वर, आणि मधला २२ रिकामा. त्यांनी जुलै १९९५ मध्ये नंबर वाटणाऱ्या आयएएनए या संस्थेला ईमेल करून तो मागितला. 'दिला' असं उत्तर आलं, आणि खाली नाव होतं जॉइस यांचं. एफटीपीचं रूप पक्कं करणाऱ्या त्याच जॉइस रेनॉल्ड्स. उघड्या वाटेच्या शेजारचा नंबर सुरक्षित वाटेला त्यांच्याच हातून मिळाला. एसएसएचच्या आतून फाइली नेणारी एसएफटीपी ही पद्धत आज त्याच २२ वरून चालते.

नाव सारखं असलं तरी एसएफटीपी ही एफटीपीची सुधारित आवृत्ती नाही. तिचा संवाद मुळातूनच वेगळा आहे. एकाच जोडणीवरून बोलणंही होतं आणि मालही जातो, त्यामुळे सहा आकड्यांचं ते गणितच संपतं. एफटीपीएस ही तिसरी गोष्ट: जुनाच संवाद, पण कूटबद्ध नळीतून. होस्टिंग कंपनी एसएफटीपी देत असेल तर तीच घ्यावी. ती नसेल तर एफटीपीएस. साधी एफटीपी पासवर्डासकट वापरायला आज काहीच कारण उरलेलं नाही. मोठ्यांनीही ती सोडली आहे: लिनक्सचं मूळ भांडार असलेल्या कर्नल डॉट ऑर्गने १ मार्च २०१७ ला आपली सार्वजनिक एफटीपी बंद केली, डेबियन या लिनक्स-आवृत्तीने १ नोव्हेंबर २०१७ ला. २०२१ साली फायरफॉक्स आणि क्रोम या दोन्ही ब्राउझरांनी एफटीपीची सोय काढून टाकली.

एसएफटीपीने पहिल्यांदा जोडताना प्रोग्राम एक लांबलचक, अर्थहीन वाटणारी अक्षरमाला दाखवून विचारतो, हा सर्व्हर ओळखीचा आहे का? हात आपोआप 'हो'कडे जातो. तिथे थांबावं. ती त्या सर्व्हरच्या चावीची खूण असते, आणि ती होस्टिंगच्या पॅनेलमध्ये किंवा मदतीच्या पानावर बहुधा दिलेली असते. एकदा जुळवून पाहिली की प्रोग्राम ती लक्षात ठेवतो, आणि पुढे कधी त्या पत्त्यावर दुसरंच यंत्र उभं राहिलं तर मोठ्याने ओरडतो.

मोफत प्रोग्रामांत तीन नावं ठळक. फाइलझिला जानेवारी २००१ मध्ये जर्मनीत टिम कोसे आणि त्यांच्या दोन वर्गमित्रांनी वर्गातला प्रकल्प म्हणून सुरू केलं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि तिन्ही पद्धती बोलतं. विनएससीपी हे चेक प्रजासत्ताकातल्या मार्टिन प्रिक्रिल यांचं, फक्त विंडोजसाठी. सर्व्हरवरची फाइल तिथल्या तिथे उघडून दुरुस्त करणं, एखाद्या फोल्डरवर नजर ठेवून बदललेलं तेवढं आपोआप चढवणं, रोजचं काम स्क्रिप्टमध्ये बांधून ठेवणं, यांत त्याचा हात धरणारं दुसरं मी पाहिलेलं नाही; विंडोजवर एसएफटीपी वापरणाऱ्याने माझ्या मते तेच घ्यावं. मॅकवाल्यांचं लाडकं सायबरडक गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, अ‍ॅमेझॉनच्या साठ्यांशीही बोलतं. तिन्हींचा कोड उघडा आहे, कुणीही वाचावा. आणि काहीच उतरवून घ्यायचं नसेल, तरी विंडोज १०च्या पुढच्या आवृत्त्यांत, मॅकवर आणि बहुतेक लिनक्सवर 'एसएफटीपी' ही आज्ञा आधीपासून बसलेली असते. काळ्या खिडकीची भीती नसलेल्याला तेवढी पुरते.

उतरवून घ्यायचं तर फक्त मूळ संस्थळावरूनच. जानेवारी २०१४ मध्ये फाइलझिलाच्या नकली प्रती इतर संस्थळांवरून पसरल्या होत्या. दिसायला हुबेहूब, चालायलाही नीट. फक्त आपण टाकलेलं नाव आणि पासवर्ड त्या गुपचूप परक्या सर्व्हरला कळवत होत्या. इन्स्टॉल करताना प्रत्येक पडदा वाचावा, आणि सोबत दुसरं काही बसवू का असं विचारलं तर नाही म्हणावं.

हे सगळं सर्व्हरसाठी. फोनमधले फोटो त्याच खोलीतल्या लॅपटॉपवर न्यायला सर्व्हर कशाला? एकाच वायफायवरच्या यंत्रांसाठी लोकलसेंड हा मोफत, उघड्या कोडचा प्रोग्राम आहे. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतो आणि इंटरनेट बंद असलं तरी चालतो. दोन संगणकांतले फोल्डर कायम एकसारखे ठेवायचे असतील तर सिंकथिंग. मात्र तिथे एक लक्षात ठेवायचं, की एकीकडे खोडलेली फाइल दुसरीकडूनही जाते. जुन्या प्रती राखण्याची सोय त्यात आहे, ती चालू करून घ्यावी.

फोल्डर एकसारखे ठेवण्याची एक युक्ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी वाटते. समजा पाचशे पानांच्या पुस्तकाची फाइल सर्व्हरवर आहे, आणि आपण तिसऱ्या पानावर एक शब्द घातला. आता पुढचा प्रत्येक बाइट आपल्या जागेवरून सरकला. सगळी फाइल पुन्हा पाठवायची? काय बदललं ते ओळखायला दोन्ही प्रती शेजारी हव्यात, पण एक इथे आणि एक सातासमुद्रापार. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी जून १९९६ मध्ये आणलेल्या आरसिंक या प्रोग्रामने हे सोडवलं. सर्व्हर आपल्या जुन्या प्रतीचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याची एक छोटी बेरीज आणि एक पक्की खूण, एवढंच आपल्याकडे पाठवतो. आपला संगणक नव्या फाइलवरून त्याच लांबीची चौकट एकेक बाइट सरकवत नेतो आणि प्रत्येक ठिकाणी विचारतो, ही बेरीज त्या यादीत आहे का? दर पावलाला सगळी बेरीज नव्याने करावी लागली असती तर जन्म गेला असता. पण जपमाळेसारखं मागचा मणी सोडायचा आणि पुढचा धरायचा: जुन्या बेरजेतून गेलेला बाइट वजा, आलेला मिळवला, की नवी बेरीज तयार. जुळली तर पक्की खूण तपासायची. तीही जुळली तर तो तुकडा तिथे आहेच, पाठवायचा नाही. शेवटी वाटेवरून जातात ते फक्त नवे बाइट आणि 'हा तुकडा तिथून उचल' अशा सूचना. दोन्ही प्रती एकदाही एकत्र न येता फरक कळतो! ट्रिजेल यांनी पुढे १९९९ च्या आपल्या पीएचडी प्रबंधात ही रीत सविस्तर मांडली आहे.

एकदाच, एकाच माणसाला काहीतरी मोठं पाठवायचं असेल, पुण्याहून न्यू जर्सीला लग्नाचा व्हिडिओ म्हणा, तर ब्रायन वॉर्नर यांचं मॅजिक वर्महोल पाहण्यासारखं आहे. पाठवणाऱ्याला एक अंक आणि दोन इंग्रजी शब्द असा संकेत मिळतो. तो फोनवर सांगायचा, पलीकडच्याने टाइप करायचा, आणि फाइल कूटबद्ध होऊन निघते. दोनच शब्द पुरेसे कसे? शब्द २५६-२५६ च्या दोन याद्यांतून येतात, म्हणजे ६५,५३६ शक्यता. संगणकाला त्या क्षणात चाळून संपवता येतील. पण १९९२ मध्ये बेलोव्हिन आणि मेरिट यांनी मांडलेल्या कल्पनेतून आलेली इथली रीत अशी आहे, की घरी बसून शक्यता चाळता येतच नाहीत. प्रत्येक तर्कासाठी समोरच्याशी प्रत्यक्ष बोलावं लागतं, आणि पहिला तर्क चुकला की संकेत बाद. चोराला ६५,५३६ मध्ये एकच संधी. इतक्या तोकड्या गुपितातून दोन्ही टोकांना भक्कम चावी तयार होते.

आपल्या लिपीतली नावं फाइलींना देणाऱ्यांनी शेवटची एक गोष्ट जाणून घ्यावी. देवनागरीचा प्रत्येक घटक, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, हलन्त, यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतो. 'ज्ञानेश्वरी'त असे ११ घटक आहेत, म्हणून ३३ बाइट. लिनक्स सर्व्हरवर फाइलच्या नावाला साधारणपणे २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीचे ८५ घटक. विंडोज २५५ बाइट मोजत नाही, २५५ घटक मोजतं. म्हणून घरी बिनतक्रार चालणारं लांबलचक मराठी नाव सर्व्हर नाकारू शकतो.

त्याहून गमतीची गोष्ट मराठीच्याच वाट्याला आली आहे. 'दुसऱ्या', 'साऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र कीबोर्डवर ऱ या वेगळ्या अक्षराने लिहिला जातो. युनिकोडच्या नियमाने हे अक्षर दोन प्रकारे साठवता येतं: एकसंध, ३ बाइटांत, किंवा र आणि त्याखालचा नुक्ता असे दोन घटक, ६ बाइटांत. दिसायला दोन्ही तंतोतंत सारखे. अ‍ॅपलची जुनी एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था नावं फोडून साठवायची, विंडोज आणि लिनक्स जसं दिलं तसं ठेवतात. म्हणून जुन्या मॅकवरून गेलेली 'दुसऱ्या भागाची पाने' आणि विंडोजवरून गेलेली 'दुसऱ्या भागाची पाने' या सर्व्हरच्या लेखी दोन वेगळ्या फाइली ठरू शकतात. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी. यावर उपाय म्हणून आरसिंकमध्ये नावं मॅकच्या रीतीतून इतरांच्या रीतीत बदलून देणारी सोय आहे.

नवं होस्टिंग घेतलंत किंवा नवा प्रोग्राम बसवलात, की 'दुसऱ्या वाऱ्यावर' अशा नावाची एक छोटी फाइल आधी चढवून बघा. उजवीकडच्या यादीत नाव जसंच्या तसं उमटलं, आणि परत उतरवल्यावर जुन्या फाइलच्या जागी बसायचं का असं प्रोग्रामने विचारलं, म्हणजे दोन्ही टोकांना ती एकच फाइल आहे हे कळलं. प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसले, तर प्रोग्रामच्या त्या साइटच्या सेटिंगमध्ये यूटीएफ-८ सक्तीने निवडा आणि पुन्हा जोडून बघा.